मिरची की लवंग

"दोन्ही बघणार? पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत?" किर्नोने तोंडातलं भजं न चावताच विचारलं.

"दोन्ही," दारमाजी म्हणाला.

"एकाच वेळी?"

"कागदावर एकाच वेळी आहेत. कागदाला काय कळतंय!"

यू मार्नीच्या, म्हणजे मार्नीताईच्या, चहाच्या गाडीवर, निळ्या ताडपत्रीखाली, जावाच्या सोलो शहरातली ती सगळी आळी बाकड्यांवर दाटीवाटीने बसली होती. आल्याचा चहा उकळत होता. ताडपत्रीच्या बांबूला पोरांनी नवं पोस्टर चिकटवलं होतं. शहराबाहेरच्या बंद साखर कारखान्याच्या मैदानात शनिवारी गाण्याबजावण्याची मोठी जत्रा होती. चार स्टेज, प्रत्येकाला मसाल्याचं नाव: मिरची, लवंग, जायफळ, दालचिनी. मिरचीवर कानठळ्यावाले, लवंगेवर जुन्या गाण्यांवाले, आणि बाकी दोन्हीकडे या दोघांच्या मधले.

पोस्टरवर एका जागी यू मार्नीने कोळशाने गोल काढला होता. सूर्य मावळतानाच्या मगरिबच्या अजानीसाठी सगळे स्टेज बंद व्हायच्या आधीची शेवटची पाळी. मिरचीवर 'शिळा सांबाल' हा बँड, म्हणजे दारमाजीची पोरगी वेनिंग आणि तिच्या दोन मैत्रिणी. लवंगेवर पाकदे मांगुन यांचा क्रोंचोंगचा ताफा: व्हायोलिन, बासरी, छोट्या गिटारी आणि सात म्हातारे. पाकदे म्हणजे दारमाजीच्या बायकोचे थोरले काका.

आणि दारमाजी दोघांनाही "हो, येतो की" म्हणून बसला होता.

"मी बावीस वर्षं लग्नांना स्पीकर भाड्याने देतोय," दारमाजी मांडी ठोकून म्हणाला. "एक लग्न वेळेवर लागलेलं दाखवा. आपल्याकडे घड्याळ रबराचं असतं, कांग किर्नो. त्यात हे क्रोंचोंगवाले! एकाची पगडी सापडत नाही, दुसरा चहा घेतल्याशिवाय तार छेडत नाही, बासरीवाला कायम संडासात. पोरीचं अख्खं बघून, हात धुऊन, पान खाऊन मी लवंगेवर पोचेन, तेव्हा पाकदे तारा पिळत असतील."

"माझी पाखरंसुद्धा वेळेवर गातात," किर्नो म्हणाला. तो पिंजऱ्यातल्या पाखरांना गाण्याच्या स्पर्धांसाठी तयार करायचा, त्यामुळे जगातल्या सगळ्या गाण्यातलं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. "तू एकही धड बघणार नाहीस. हो-हो म्हणणारा कधी भेटत नाही, हे काय उगाच म्हणतात?"

"लाव पैज!"

"लावली! हरलास तर रविवारी आळीच्या साफसफाईला बायकोचा गाऊन घालून यायचं. फुलाफुलांचा. मशिदीच्या कोपऱ्यापासून गटारापर्यंत झाडायचं."

"आणि तू हरलास तर?"

"मी माझ्या बायकोचा घालीन."

"तो तुला होईल का? दोन तंबू जोडावे लागतील!"

ताडपत्री हसण्याने हलली. यू मार्नी म्हणाली, "किर्नो याच्यासोबत जाईल. साक्षीदार पाहिजे. हा माणूस स्वतःच्या सावलीलाही शेंडी लावतो." तेही ठरलं. दारमाजी सगळ्यात मोठ्याने हसत होता. आळीत हसायची सुरुवात बहुतेक वेळा त्याच्याचपासून व्हायची.

घराच्या वळणावर मात्र हसू आटलं.

वेनिंग ओट्यावर बसून बेस गिटारच्या तारा बदलत होती. बापाकडे न बघता म्हणाली, "बापा, शनिवारी येताय ना?"

"हो, येतो की."

"असलं 'हो' नको. असलं तुम्ही आळीप्रमुखांना देता, रात्रीच्या गस्तीसाठी. मग गस्तीला कोण असतं? कुत्री."

पोरीचं बरोबर होतं. दोन वर्षांमागे ती पहिल्यांदा कॉलेजात वाजवणार होती, तेव्हाही तो असंच "हो" म्हणाला होता. गेला नाही. वर गंमत म्हणून कॉलेजच्या दारात फुलांचा मोठा फळा पाठवला. आपल्याकडे लग्नाला पाठवतात तसा अभिनंदनाचा नव्हे, मयतीचा: 'शेजाऱ्यांच्या कानांच्या दुःखद निधनात सहभागी.' कॉलेज खदखदून हसलं. वेनिंगही हसली, आणि नंतर महिनाभर बापाशी जेवणापुरतंच बोलली.

"ऐका," ती म्हणाली. "स्टेजच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, खांबापाशी. पहिल्या ठोक्याच्या आधी. मला माहितीये, मी तिकडे बघणारच. नाही बघायचं म्हटलं तरी मान वळणार. तुम्ही असाल तर झालं. नसणार असाल तर आत्ता सांगा, मी मनाची तयारी करते. पण मध्येच उगवू नका. मी आधी वाट बघेन, मग वाट बघणं सोडेन, आणि तेवढ्यात तुम्ही दिसलात तर बोटं गेली माझी. अख्खे या, नाहीतर येऊ नका."

"अग न्दुक, माझ्या पोरी, अख्खाच येणार! अर्धा कसा येईन, पोट तर पुढे पोचतं."

"विनोद नको, बापा."

आत बायको लास्त्री भात वाढत होती. तिला आधीच सगळं कळलं होतं. या आळीत कुणाच्या शिंकेचीही बातमी आधी घरी पोचते. "पाकने," ती पोरीच्या बापाला म्हणाली, "एक माझे काका, एक माझी पोरगी. मी काही बोलणार नाही. मला त्या दिवशी आळीतल्या बायकांबरोबर पेचेल-भाताच्या स्टॉलवर उभं राहायचंय, मला कुणी बोलवू नये."

"पण पाकदेंना नाही म्हणायचं तरी कसं? इस्त्रीचा बातिकचा शर्ट घालून आले, तासभर बसले, चहा प्यायले, गुडघेदुखी सांगितली, मग उठताना म्हणाले, 'सवड झाली तर ये, पुढच्या ओळीत घरच्यांसाठी खुर्च्या ठेवल्यात, रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत.' आता याला नाही म्हणणारा माणूस अख्ख्या जावात दाखव!"

लास्त्रीने दाखवला नाही. कुठून दाखवणार? तिच्या बापाने 'स्पीकरवाल्याला मुलगी देत नाही' म्हणून दार लावलं होतं, तेव्हा पाकदेंनीच तिथे जाऊन, असाच तासभर चहा पिऊन, ते दार उघडायला लावलं होतं.

शनिवारी दुपार उतरायच्या आत दारमाजी आणि किर्नो मैदानात हजर होते. किर्नोच्या गळ्यात थर्मास, तोंडात बडबड. कारखान्याचं धुराडं मधोमध उभं, त्याच्या एका बाजूला मिरची, पार दुसऱ्या टोकाला लवंग. मध्ये सगळं शहर लोटलेलं. दारमाजीने मनात अंतर मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"आधी लवंगेवर," तो म्हणाला. "किती रेंगाळलेत ते बघू, मग निवांत मिरचीवर."

लवंगेपाशी पोचला आणि जागीच थबकला. म्हातारे बसले होते. एक पाकदे सोडले तर सगळे! पगड्या डोक्यावर, वाद्यं मांडीवर, तारा जुळलेल्या. बासरीवालासुद्धा.

"हे कधी आले?" त्याने गळ्यात वॉकीटॉकी घातलेल्या पोराला विचारलं.

"सकाळीच, पाक," पोरगं अदबीने म्हणालं. "ते म्हणाले, रस्त्यात गर्दी असते, उशीर नको. जेवणाचे डबे पण घरूनच आणलेत. आमचे सगळे स्टेज मागे पडले, पण हे वेळेवर. अजानीच्या आत उरकायचंय ना!"

"सगळे मागे पडले? मिरची पण?"

"मिरचीचं मला नाही माहीत, पाक. तिथला वॉकीटॉकी त्यांच्याच आवाजात ऐकू येत नाही."

किर्नो पोट धरून हसायला लागला. "गाऊनला इस्त्री करून ठेवायला सांगू का वहिनींना?"

आता इकडे आड, तिकडे विहीर. पण दारमाजी इतक्यात हार मानणारा गडी नव्हता. तो बासरीवाल्याच्या कानाशी लागला. "काका, धुराड्यामागे फुकट सोतो वाटतायत. मटणाचा रस्सा."

"डॉक्टरांनी मटण बंद केलंय," बासरीवाला म्हणाला.

मग त्याची नजर पाकदेंच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. पाकदे बाजूला नमाजासाठी हातपाय धुऊन वजू करायला गेले होते आणि त्यांची चार तारांची छोटी गिटार खुर्चीवर एकटीच पडली होती. गिटारीशिवाय ताफा सुरू व्हायचा नाही. थोडा वेळ, फार नाही, मिरचीवर पोरीचं उरकेपर्यंत. दारमाजीने इकडे तिकडे बघितलं आणि गिटार उचलून पाठीमागे धरली.

"ए! ही फसवणूक आहे!" किर्नो कुजबुजला.

"गप. ही व्यवस्था आहे."

"आलास!" पाकदेंचा ओला हात त्याच्या खांद्यावर पडला. "मी यांना सांगत होतो, तो नुसताच हो म्हणाला असेल. आणि बघ, तू तर माझं वाद्यही सांभाळत उभा आहेस! इथे पोरं धावतात, कुणी पाय दिला असता." त्यांनी दारमाजीच्या पाठीमागून हळूच गिटार काढून घेतली, तिला पुसलं आणि त्याच ओल्या हाताने त्याला चालवत नेऊन पुढच्या ओळीच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. उजवीकडे एक मोठी आत्या, डावीकडे दुसरी. दोघींनी आळीपाळीने त्याचा हात धरून पोरीचं लग्न कधी करणार ते विचारलं.

आणि तेवढ्यात, धुराड्यापलीकडून, मैदानाच्या छातीतून, तो आवाज आला. दुम्. दुम्. बेसची जाडी तार.

दारमाजीच्या बरगड्यांना ती ओळखू आली. ही तार त्याने भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकली होती, उशी कानावर दाबून. ही आवाजाची चाचणी की पहिलं गाणं? दुम्. मग काहीच नाही. मग पुन्हा दुम्. पोरगी खांबाकडे बघत असेल. खांबापाशी कुणी नसेल. मान वळवत असेल, परत वळवत असेल.

समोर पाकदे खुर्ची सरकवत होते. व्हायोलिनवाल्याने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. आता उठायचं म्हणजे सुरू व्हायच्या क्षणी, सगळ्यांदेखत, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या तोंडासमोरून. असं अख्ख्या आयुष्यात दारमाजीने केलं नव्हतं. त्याने फसवलं होतं, टाळलं होतं, दडी मारली होती, पण तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. दडी मारायला इथे जागाही नव्हती. दोन आत्यांच्या मध्ये माणूस कुठे दडणार?

तो उठला. कमरेत वाकला, उजवा हात पुढे केला आणि मोठ्यांसमोरून जाताना चालतात तसा चालत स्टेजपर्यंत गेला.

"पाकदे."

"काय रे? पाणी हवंय?"

"पाकदे, मी थांबू शकत नाही." त्याने हात जोडले. "नाही. मला नाही जमणार. वेनिंग तिकडे वाजवतेय. मी तिला हो म्हणालोय."

"मला पण म्हणाला होतास."

"हो."

"मग मला कशाला म्हणालास?"

"तुम्ही घरी आलात, चहा प्यायलात, गुडघे दुखत असताना..."

पाकदेंनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. ताफा थांबला होता. बाकीचे म्हातारे ऐकत होते, आणि दोन्ही आत्यांनी तर पंखेसुद्धा थांबवले होते. "मी चहा प्यायला आलो होतो," पाकदे म्हणाले. "लास्त्री चहा चांगला करते. तू नाही म्हणाला असतास तरी मी प्यायलो असतोच. आता ऐन वेळेला माझी पुढची खुर्ची रिकामी करतोयस, ते मात्र वाईट." ते हसले नाहीत. राग खरा होता. मग त्यांची नजर किर्नोच्या गळ्यातल्या थर्मासवर गेली. "हा कोण?"

"मी? मी साक्षीदार," किर्नो म्हणाला.

"कशाचा का असेना. बस तिथे."

"पण पाकदे, मला याच्याबरोबर..."

"बस."

किर्नोने थर्मास सावरला. "हो, बसतो की," असं म्हणून तो दोन आत्यांच्या मध्ये जाऊन बसला.

दारमाजी निघाला, पण निघणं इतकं सोपं नव्हतं. पुढच्या ओळीत चार मामा, दोन काक्या, एक सासुरवाडीकडचे हाजी, आणि निरोप न घेता जायची पद्धत नाही. प्रत्येकाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "एवढ्यात?" "जेवलास का?" "पाठ कशी आहे?" तो कमरेत वाकलेलाच, "हो हो, येतो, येतो" म्हणत ओळ संपवत होता, आणि पाठीमागे व्हायोलिन सुरू झालं, आणि पुढे, लांब, मिरचीवर ड्रमच्या काठ्यांनी चार टोले दिले.

दारमाजी पळाला.

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, बातिकचा शर्ट पोटावर ताणून, धुराड्याला वळसा घालून तो पळाला. मध्ये लास्त्रीचा पेचेलचा स्टॉल लागला. ती डाव उगारून काहीतरी ओरडली, ते त्याला ऐकू आलं नाही. मिरचीची गर्दी म्हणजे घामाची भिंत. सगळी पोरं उड्या मारत होती. डावीकडचा खांब तेवढा लांबून दिसत होता. त्याच्याखाली जागा मोकळी.

"अरे, सुरू झालंय का?" त्याने एका उभ्या केसांच्या पोराला हलवून विचारलं.

"काय?"

"हे गाणं आहे की आवाज बघतायत?"

पोराने विचार केला. "या लोकांचं सांगता येत नाही, पाक!"

आता जीव टांगणीला लागला. पहिला ठोका पडलाय की नाही? नसेल पडला तर धावत जाऊन खांबापाशी उभं राहायचं. पडला असेल तर जायचं नाही. 'अख्खे या, नाहीतर येऊ नका.' तो त्या पोराच्या मागे वाकून उभा राहिला आणि त्याच्या काखेतून स्टेजकडे बघायला लागला. स्वतःच्या पोरीला चोरून बघणारा बाप! तोंडातून पाण्याची चूळ गेल्यासारखा आवाज निघाला, तो हसू होता की रडू, त्याचं त्यालाच कळलं नाही.

वेनिंग काळ्या शर्टात होती, डोक्याला रुमाल घट्ट. पायाने ताल धरलेला. ठोके एका मागोमाग एक, आणि त्याच्या लक्षात आलं, ही चाचणी नव्हे. हे गाणं आहे, आणि तेही पहिलं नव्हे. दुसरं. भिंतीपलीकडून पाठ झालेलं दुसरं.

म्हणजे गेलं.

माणसाने इथेच थांबावं. पोरीनेच सांगितलंय. दारमाजी थांबला. मग वेनिंगची मान डावीकडे वळली. खांबाकडे. तिथे कुणी नाही हे बघून परत फिरली. दोन ओळींनी पुन्हा वळली, आणि तिची तार हुकली. बारीकशी. गर्दीत कुणाला कळली नाही. पण दारमाजीला कळली, स्पीकरवाला होता तो. तिने वाट बघणं सोडलेलंच नव्हतं. न येताही तो तिची बोटं घालवत होता.

त्याने उभ्या केसांच्या पोराला बाजूला सारलं आणि कोपरं मारत, माफी मागत, खांबापर्यंत गेला. उभा राहिला. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून पोटावर ठेवले.

वेनिंगने पाहिलं. तार पुन्हा हुकली, या वेळी चांगली मोठी. मैत्रिणीने चमकून तिच्याकडे बघितलं. वेनिंगने मान खाली घातली, दात आवळले आणि पुढचं सगळं, तिसरं, चौथं, शेवटचं, डावीकडे एकदाही न बघता वाजवलं. अजान व्हायच्या आत शेवटची तार थांबली. लोक ओरडत होते. दारमाजी खांबाला धरून उभा होता आणि तिच्या न बघण्याचा अर्थ त्याला लागत नव्हता.

त्या रात्री घरी तिने भात मागितला, मीठ मागितलं, झोपून गेली.

रविवारी सकाळी आळी झाडू घेऊन रस्त्यावर होती आणि सगळ्यांचे मोबाइल बाहेर होते. दारमाजी आला. लास्त्रीचा गाऊन, जांभळ्या फुलांचा, गुडघ्याच्या थोडा खाली, पोटावर ताणलेला. आळी जी फुटली! यू मार्नीने गाडीच सोडली. "अग बाई, नवीन सून आली की!"

"नीट झाड ग!" किर्नो ओरडला. "मी काल अख्खं क्रोंचोंग ऐकलंय, मला हलकं समजू नको. नंतर पाकदेंनी घरी नेऊन तासभर चहा पाजला. पुढच्या महिन्यालाही बोलावलंय, आणि मी 'हो' म्हणून बसलोय!"

"पाकदे काय म्हणाले माझ्याबद्दल?"

"म्हणाले, निदान सांगून गेला. पण चिडलेत अजून. चहाला यायचे नाहीत काही दिवस."

दारमाजीने मान हलवली आणि मशिदीच्या कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली. वेनिंग हातात सुपली घेऊन मागून आली. कचरा भरत, खाली बघत म्हणाली, "दुसऱ्या गाण्याला आलात."

"त्याच्या मध्यावर. मग लपलो. तू म्हणाली होतीस ना, मध्येच येऊ नका."

"मग बाहेर का आलात?"

"तू तशीही हुकत होतीस."

"ऐकू आलं?"

"दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा मात्र फारच."

वेनिंगने सुपली आपटली. "दुसऱ्यांदा तुमचं पोट बघून हुकले. शर्टाचं बटण तुटलेलं." ती हसत नव्हती, पण ओठ घट्ट दाबून धरले होते. "सालातिगा शहरात बोलावलंय आम्हाला. पुढच्या महिन्यात, दुसऱ्या रविवारी. स्टेज एकच आहे."

दारमाजी उत्तर देणार तेवढ्यात पलीकडून आळीप्रमुख आले. "दारमाजी, पुढच्या महिन्याची आळीची बैठक तुझ्याकडे ठेवू या ना? दुसऱ्या रविवारी. स्पीकर पण लाव, चहा पण कर. येईल ना जमवता?"

सगळे दारमाजीकडे बघत होते. 'हो' जिभेच्या टोकावर आलंच होतं, पन्नास वर्षांच्या सवयीने. वेनिंग सुपली धरून वाकलेली, हललीसुद्धा नाही.

"नाही," दारमाजी म्हणाला. "नाही जमणार. मी त्या दिवशी आळीत नाही."

आळीप्रमुखांना असलं उत्तर ऐकायची सवय नव्हती. फुलाफुलांच्या गाऊनातल्या माणसावर त्यांना धड रागावताही येईना.

"बरं," ते म्हणाले. "मग किर्नो, तुझ्याकडे?"

"हो, ठेवू की," किर्नो म्हणाला, आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला.

दारमाजीने गाऊन एका हाताने वर धरला, गटाराकडचा चिखल लागू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने झाडायला लागला. गटार अजून बरंच लांब होतं.